पोवळा: पेन्सिलीहून बारीक, दिसायला गरीब, पण नागाच्या घराण्यातला विषारी साप

पाऊस सुरू झाला की गावाच्या आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सापांचे फोटो यायला लागतात. नाग असेल, धामण असेल तर लोक लांब उभे राहून फोटो काढतात. पण अधूनमधून असाही फोटो येतो, ज्यात साप थेट कुणाच्या तरी तळहातावर असतो. बुटाच्या नाडीएवढा बारीक, मातकट रंगाचा. खाली कमेंट ठरलेल्या. एक म्हणतो गांडूळ आहे, दुसरा म्हणतो कशाचं तरी पिल्लू आहे, तिसरा जाणकार सांगतो, "वाळा आहे, काही करत नाही."

तिसरा बहुतेक वेळा बरोबर असतो. पण जेव्हा तो चुकतो, तेव्हा त्या तळहातावर पोवळा असू शकतो. नाग आणि मण्यार ज्या कुळात येतात, त्याच कुळातला हा विषारी साप. सापांच्या तक्त्यात त्याचं चित्र विषारी सापांच्या रांगेत असतं, पण प्रत्यक्षात समोर आला तर ओळखणारे फार कमी.

नाव पोवळा, मग लाल रंग कुठे आहे?

पोवळं म्हणजे समुद्रातलं लाल प्रवाळ. मंगळाचं रत्न म्हणून अंगठीत घालतात ते. इंग्रजीतही या सापांना 'कोरल स्नेक' म्हणजे प्रवाळ सापच म्हणतात. त्यामुळे पोवळा म्हटल्यावर डोळ्यांसमोर लालभडक साप येतो आणि गोंधळाला इथूनच सुरुवात होते.

महाराष्ट्रात दिसणारा पोवळा वरून लाल नसतोच. त्याची पाठ फिकट तपकिरी, वाळलेल्या पानाच्या किंवा मातीच्या रंगाची. लाल रंग आहे तो पोटाला. साप सरपटत असताना पोट जमिनीला टेकलेलं असतं, म्हणजे ज्या रंगावरून त्याचं नाव पडलं तो रंग बघणाऱ्याला सहसा दिसतच नाही.

शास्त्रज्ञांनी नाव ठेवताना पोटाकडे नाही, शेपटीकडे बघितलं. जॉर्ज शॉ या ब्रिटिश निसर्गअभ्यासकाने १८०२ मध्ये या सापाला 'मेलानुरस' हे नाव दिलं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ काळ्या शेपटीचा. (हाच शॉ, ज्याने १७९९ मध्ये प्लॅटिपसचं पहिलं शास्त्रीय वर्णन लिहिलं आणि बदकाची चोच असलेला हा प्राणी कुणी शिवून तर बनवला नाही ना, अशी शंकाही घेतली.) आज या सापाचं पूर्ण शास्त्रीय नाव आहे 'कॅलिओफिस मेलानुरस'. कॅलिओफिस म्हणजे सुंदर साप. इंग्रजीत त्याला 'स्लेंडर कोरल स्नेक' म्हणतात, म्हणजे सडपातळ पोवळा.

डोक्यापासून शेपटीपर्यंत: दिसतो कसा?

आधी आकार. शाळेच्या कंपासपेटीबरोबर मिळणारी एक फुटी पट्टी आठवा. पूर्ण वाढलेला पोवळा लांबीला साधारण तेवढाच भरतो, फार तर ३५ सेंटीमीटर. जाडी पेन्सिलीएवढी किंवा तिच्याहूनही कमी. म्हणजे 'पिल्लू दिसतंय' असं ज्याच्याबद्दल लोक म्हणतात, तो पोवळा बऱ्याचदा पूर्ण मोठा झालेला असतो. पिल्लू आहे की मोठा, हे आकारावरून ठरवण्याची आपली सवय या सापाच्या बाबतीत साफ फसते.

डोकं आणि मान काळी, त्यावर पिवळसर ठिपके. नागाचं किंवा घोणसाचं डोकं मानेपासून वेगळं कळतं, याचं तसं नाही. डोकं मानेहून रुंद नाही, तोंडाचा शेंडा बोथट, डोळे बारीक आणि बाहुली गोल. 'विषारी सापाचं डोकं त्रिकोणी असतं' हा नियम ज्यांनी पाठ केलाय, त्यांच्या हिशेबात पोवळा बिनविषारी ठरतो. तसे नाग आणि मण्यारही त्या नियमात बसत नाहीत, त्यामुळे तो नियम विसरून गेलेलाच बरा.

पाठीवरचे खवले गुळगुळीत आणि चकचकीत. शरीराच्या मध्यावर आडवे मोजले तर १३ ओळी भरतात. तपकिरी खवल्यांवर सुईने टोचल्यासारखे बारीक गडद ठिपके असतात आणि त्यांच्या नाजूक रेषा अंगभर गेलेल्या दिसतात. पण हे दिसायला साप फार जवळून बघावा लागतो. दोन फुटांवरून तो नुसता तपकिरी वाटतो.

शरीर डोक्यापासून शेपटीपर्यंत जवळपास एकाच जाडीचं. मध्ये फुगीर नाही, मान चिंचोळी नाही. याचं कारण त्याच्या राहणीत आहे. पोवळा आयुष्याचा बराच काळ भुसभुशीत मातीत, दगडाखाली, कुजलेल्या पालापाचोळ्यात काढतो. मातीतून वाट काढायला असं नळीसारखं अंग आणि बोथट तोंड सोयीचं.

तोंडात पुढच्या बाजूला विषाचे दोन दात. नागासारखेच आखूड आणि जागेवर पक्के. घोणसाचे दात लांब असतात आणि तोंड मिटलं की घडी होऊन आत बसतात, तशी सोय इथे नाही. ओठावरच्या खवल्यांत मात्र एक खूण आहे. वरच्या ओठावरचा तिसरा खवला एका बाजूने डोळ्याला आणि दुसऱ्या बाजूने नाकपुडीजवळच्या खवल्याला भिडलेला असतो. नागातही हेच दिसतं. अर्थात, जिवंत सापाच्या ओठावरचे खवले मोजत बसणं हे अभ्यासकांचं काम, अंगणात उभ्या असलेल्या माणसाचं नाही.

खरी गंमत शेपटीत

अंगणात उभ्या असलेल्या माणसाला ज्यावरून पोवळा ओळखता येईल अशी खूण शेपटीवर आहे. शेपटी आखूड असते आणि तिच्यावर दोन काळी कडी असतात. एक शेपटी सुरू होते तिथे, दुसरं टोकाजवळ. शेपटीची खालची बाजू मात्र लाल नसून निळसर राखाडी.

हा निळा रंग तो मुद्दाम दाखवतो. पोवळ्याला डिवचलं की तो फणा काढत नाही (त्याला फणा नाहीच), फुत्कारही टाकत नाही. तो शेपटी वर उचलतो, तिची गुंडाळी करतो आणि खालची बाजू समोरच्याला दाखवतो. डोकं त्या वेळी अंगाखाली सरकवलेलं असतं. बघणाऱ्याचं लक्ष हलणाऱ्या रंगीत शेपटीकडे जातं. पक्ष्याने चोच मारलीच तर ती शेपटीवर बसावी आणि डोकं वाचावं, असा याचा अर्थ लावला जातो. शिवाय मातकट दिसणाऱ्या प्राण्याने अचानक लाल-निळा रंग दाखवला की शत्रू क्षणभर थबकतो, तो फायदा वेगळाच.

माणूस मात्र थबकत नाही, मोबाईल काढून आणखी जवळ जातो. शेपटी वर बघून 'दोन तोंडांचा साप' असाही समज होतो. दोन तोंडांचा म्हणून ज्याची ख्याती आहे ते मांडूळ, ते वेगळं आणि बिनविषारी. पोवळ्याने शेपटी गुंडाळून उचलली, तर तो 'लांब हो' असं सांगतोय एवढं समजावं.

रीलमधला 'लाल-पिवळ्या'चा नियम इथे चालतो का?

कोरल स्नेक म्हणून इंटरनेटवर शोधलं तर लाल, पिवळ्या आणि काळ्या कड्यांचे देखणे साप समोर येतात. ते अमेरिकेतले. त्यांच्याबद्दलचा एक नियम रील्समधून जगभर फिरतो: लाल कड्याला पिवळं कडं चिकटून असेल तर साप विषारी, लालला काळं चिकटून असेल तर बिनविषारी. अमेरिकेत तो मुलांना गाण्यासारखा पाठ करायला लावतात.

तिथे या नियमाची गरज पडली, कारण तिथले काही बिनविषारी साप कोरल स्नेकची हुबेहूब नक्कल करतात. विषारी सापासारखं दिसलं की शिकारी पक्षी वाटेला जात नाहीत, असा तो हिशेब. फ्लोरिडा आणि आसपासच्या राज्यांत दिसणाऱ्या ईस्टर्न कोरल स्नेकपुरता हा नियम बऱ्यापैकी चालतो. पण मध्य आणि दक्षिण अमेरिकेत गेलं की त्याच मायक्रुरस गटातल्या सापांमध्ये कड्यांचा क्रम बदलतो आणि नियम मोडतो.

भारतात तर प्रश्नच मिटला. आपल्या पोवळ्याच्या अंगावर कडीच नाहीत, असलीच तर शेपटीवर दोन. त्याला हा नियम लावून बघणारा 'लाल नाही, पिवळं नाही, म्हणजे बिनविषारी' या निष्कर्षावर पोहोचणार.

भारतात पोवळे एकाच प्रकारचे नाहीत, हाही मुद्दा आहे. पश्चिम घाटात अंगभर उभ्या काळ्या रेघा असलेला एक पोवळा आहे, आणि केरळ-कर्नाटकाच्या घाटात लालसर अंगावर काळे आडवे पट्टे असलेला बिब्रॉनचा पोवळा. पश्चिम घाटातूनच २०१२ मध्ये पोवळ्याची एक पूर्णपणे नवी जात जगासमोर आली, 'कॅलिओफिस कॅस्टोई'. तिचं वर्णन करणाऱ्या शास्त्रज्ञांत एरिक स्मिथ आणि व्ही. दीपक यांच्याबरोबर हेमंत ओगले आणि वरद गिरी ही मराठी नावंही आहेत. सगळ्या पोवळ्यांना लागू पडेल असा रंगाचा एकच नियम मिळणं अवघड आहे.

गफलत कोणाशी होते?

सगळ्यात जास्त दोघांशी. पहिला वाळा. बाथरूमच्या जाळीतून, कुंडीतून, ओल्या भिंतीच्या कडेने निघणारा गांडुळासारखा काळपट साप. तो बिनविषारी आहे आणि मुंग्या-वाळवीची अंडी, अळ्या खातो. कुंड्यांच्या मातीतून तो जगभर पोहोचला, आणि त्याच्यात फक्त माद्याच असतात, नराशिवाय अंडी घालतात. वाळ्याचा रंग सगळीकडे सारखा, डोळे म्हणजे खवल्याखालचे दोन अंधुक ठिपके, शेपटीवर काळी कडी नाहीत. पोवळ्याचं डोकं काळं आणि बाकीचं अंग फिकट असतं, हा फरक थोड्या अंतरावरूनही कळतो.

वाळा आणि पोवळ्याचं आणखी एक नातं आहे: पोवळा वाळ्याला खातो. पोवळ्याचं मुख्य अन्नच अशी छोटी, मातीत राहणारी सापांची मंडळी. त्यामुळे जिथे वाळा सापडतो तशाच ओलसर जागी पोवळाही सापडू शकतो.

दुसरा काळतोंड्या. हा सारखेपणा खरोखर चकवणारा. काळं डोकं, तपकिरी पाठ, बारीक अंग, सगळं जुळतं. पण काळतोंड्या बिनविषारी आहे. त्याची शेपटी लांब आणि निमुळती होत जाणारी, पोवळ्याची आखूड आणि दोन काळ्या कड्यांची. काळतोंड्याचं पोट पिवळसर आणि कडेने बारीक काळे ठिपके, पोवळ्याचं लाल. मात्र पोट बघायला साप उलटा करावा लागतो आणि तो करू नये. शेपटीवरची कडी वरूनच दिसतात, तेवढं पुरे.

एवढासा साप, त्याचं विष ते किती?

या सापाचं विष मज्जासंस्थेवर काम करणाऱ्या प्रकारात मोडतं. पण तोंड बारीक, दात आखूड, स्वभाव भित्रा आणि वावर रात्रीचा, त्यामुळे माणसाला पोवळा चावल्याच्या नोंदी अगदी थोड्या आहेत आणि त्यांत मुख्यतः चावलेल्या जागी सूज आणि खाज आल्याचं दिसतं. महाराष्ट्रात सर्पदंशाने जाणारे जीव पोवळ्यामुळे जात नाहीत. ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या खात्यावर आहेत.

मग एवढी काळजी का? कारण पोवळ्याचेच भाऊबंद काय करू शकतात हे माहीत आहे. आग्नेय आशियात निळ्या पट्ट्यांचा एक पोवळा आहे, 'कॅलिओफिस बिव्हर्गेटस'. त्याच्या विषाच्या ग्रंथी डोक्यात मावत नाहीत, मागे शरीरात लांबपर्यंत गेलेल्या असतात, जवळपास पाव भाग व्यापतात. २०१६ मध्ये त्याच्या विषातला 'कॅलिओटॉक्सिन' हा घटक शास्त्रज्ञांनी ओळखला. नाग-मण्यारीच्या विषाने स्नायू ढिले पडत जातात. या विषाने उलट, भक्ष्याच्या मज्जातंतूंचं जणू बटण चालूच राहतं आणि सगळे स्नायू एकदम आखडतात. आपल्या पोवळ्याच्या विषग्रंथी इतक्या लांब नाहीत, पण घराणं एकच.

आणि छोट्या सापाला हलक्यात घेण्याची किंमत काय असते, याचं एक उदाहरण पोवळ्यांच्याच अभ्यासकाचं आहे. जो स्लोविन्स्की हे कॅलिफोर्निया ॲकॅडमी ऑफ सायन्सेसचे सर्पतज्ज्ञ. आशियातल्या पोवळ्यांचं आपसातलं नातं काय, कोण कोणाचा जवळचा, यावर त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर २००१ मध्ये संशोधन प्रसिद्ध केलं. ईशान्य भारतात आणि हिमालयात दिसणारा पोवळा आज ज्या 'सायनोमायक्रुरस' गटात मोडतो, तो गट याच संशोधनातून वेगळा झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते उत्तर म्यानमारच्या जंगलात मोहिमेवर होते. पिशवीतला बारीक साप बिनविषारी असावा असं समजून त्यांनी आत हात घातला. ती मण्यारीची जात निघाली, तीही लहान. जवळ हॉस्पिटल नाही, खराब हवेमुळे हेलिकॉप्टर पोहोचेना. श्वास बंद पडल्यावर सहकारी तासन् तास तोंडाने श्वास देत राहिले. १२ सप्टेंबर २००१ ला, वयाच्या ३८ व्या वर्षी ते गेले.

ज्यांचं आयुष्य साप ओळखण्यात गेलं त्यांच्याकडून ही चूक झाली. ग्रुपवरच्या फोटोखाली पाच सेकंदांत 'काही करत नाही' लिहिणाऱ्याची काय कथा!

पोवळ्याच्या विषावर औषध आहे का?

भारतात सरकारी दवाखान्यांत मिळणारं प्रतिसर्पविष चार सापांच्या विषापासून बनतं: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. पोवळा त्यात नाही. त्याच्यासाठी वेगळं औषधही भारतात बनत नाही.

यामागे निष्काळजीपणापेक्षा गणित जास्त आहे. प्रतिसर्पविष बनवायला आधी सापाचं विष काढावं लागतं, ते अगदी थोड्या प्रमाणात घोड्यांना टोचावं लागतं आणि त्यांच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यं वेगळी करावी लागतात. देशात यासाठी लागणारं विष बरंचसं तमिळनाडूतली इरुला आदिवासींची सहकारी संस्था पुरवते. पेन्सिलीएवढ्या पोवळ्याकडून मिळणारं विष नगण्य, आणि दंशही मोजके. इतक्या कमी रुग्णांसाठी इतका खटाटोप कोणी करत नाही.

अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही हेच झालं. तिथे कोरल स्नेकच्या दंशावरचं औषध एकच कंपनी बनवत होती. खप कमी म्हणून तिने २००३ च्या सुमारास उत्पादन थांबवलं. साठ्याची मुदत २००८ मध्ये संपत आली, तेव्हा तिथलं औषध प्रशासन तोच साठा तपासून पुन्हा पुन्हा मुदत वाढवत राहिलं. लोकांना कोरल स्नेक चावायचं थांबलं नव्हतं.

समजा चावलाच, तर?

औषध नाही म्हणजे उपचार नाही असं नव्हे. डॉक्टर रुग्णावर लक्ष ठेवतात, लक्षणांनुसार उपचार करतात, श्वासाला त्रास झाला तर व्हेंटिलेटर लावतात. शिवाय चावलेला साप पोवळाच होता हे घरच्यांनी ठरवणं धोक्याचं. अंधारात मण्यारीचं पिल्लूही असंच बारीक दिसतं, आणि मण्यारीच्या विषावर औषध आहे. म्हणून 'पोवळ्यावर औषध नाही' हे वाचून कुणी घरी बसू नये.

चावलेला हात किंवा पाय हलवू नये, फळी किंवा काठी लावून स्थिर ठेवावा. अंगठी, बांगडी, कडं लगेच काढावं, नंतर सूज आली की निघत नाही. दोरीने आवळून बांधणं, ब्लेडने कापणं, तोंडाने विष ओढणं यांतलं काहीही करू नये. साप मारून किंवा बाटलीत भरून दवाखान्यात नेऊ नये, त्या नादात दुसरा दंश होतो. लांबून फोटो मिळाला तर ठीक, नाही मिळाला तरी चालतं. १०८ वर फोन करून ॲम्ब्युलन्स मागवता येते. पापण्या जड होऊन मिटायला लागल्या, बोलणं अडखळू लागलं, गिळता येईना, तर ते डॉक्टरांना लगेच सांगावं. विष मज्जासंस्थेपर्यंत पोहोचल्याच्या या खुणा आहेत.

आणि चावलेला नसताना नुसता दिसला, तर त्याला हात लावायची गरजच नाही. पोवळा घरात राहायला आलेला नसतो. पावसाने बिळात पाणी शिरलं, कुंडी हलवली, दगड उचलला, पाला गोळा केला, अशा वेळी तो उघड्यावर येतो आणि वाट मिळाली की पुन्हा मातीत जातो. बागेत पाला उचलताना हातमोजे घालावेत किंवा खराटा, खुरपं वापरावं, आणि रात्री उघड्या पायाने टॉर्चशिवाय फिरू नये. घरात शिरला असेल तर मुलांना आणि मांजर-कुत्र्याला बाजूला घेऊन नजर ठेवावी आणि महाराष्ट्रात असाल तर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करावा. सापांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षण आहे, त्यामुळे मारणं किंवा रीलसाठी हातात धरणं कायद्याच्याही कचाट्यात आणू शकतं. फोटो काढायचाच असेल तर उभ्या उभ्या, झूम करून, आणि शेपटी फ्रेममध्ये येईल असा काढा. ओळखणाऱ्याला त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो.